पहिल्या नारळाचा मान

"ते सगळं राहू द्या. पहिला नारळ कुणाचा, ते बोला ना बाबा!"

इस्माईलबाबांनी डोळे मिटून घेतले. सकाळी वरच्या वाडीचे येऊन हेच विचारून गेले होते. आता खालच्या वाडीचा दामाजी तांडेल. तोंड वेगळं, रड तीच. पिराची दिवाबत्ती करता करता बाबा म्हातारे झाले होते, आणि माणसांचा त्यांना पार उबग आला होता. पण दोन्ही वाड्या त्यांचा शब्द मानायच्या. हीच त्यांना शिक्षा.

नारळी पुनव कधीच उलटून गेली होती. दर्या निवळला होता. पण पहिला नारळ कुठल्या वाडीनं द्यायचा ह्यावर जुंपली, आणि दर्याला नारळ दिल्याबिगर खारबंदरातली एकही होडी पाण्यात घालायची नाही, अशी रीत. होड्या रेतीवर तापत पडलेल्या. घराघरातला सुका जवळासुद्धा संपलेला.

"माझ्या पणज्यानं हे बंदर वसवलं," दामाजी म्हणाला. "त्या समोरच्या बुरुजावरून पहिला नारळ सोडला त्यानं. वरच्या वाडीचे तेव्हा डोंगरात लाकडं तोडत होते!"

"खरं आहे."

दामाजी गडबडला. तो भांडायच्या तयारीनं आला होता.

"म्हणजे... मान आमचा?"

"तुमचाच."

"चार माणसांत सांगाल?"

"सांगीन. पण पणज्यानं जिथून सोडला, तिथूनच सोडायचा. रीत ती रीत."

"आत्ता सोडतो!" सोनेरी कागद लावलेला नारळ त्यानं काखेत घेऊनच आणला होता.

बाबा गुडघे धरत उठले. दोघं बुरुजावर चढले.

बुरुजाच्या पायथ्याला गलबतं बांधायची लोखंडी कडी होती. तिला कुणाची तरी शेळी बांधलेली. एके काळी खाडीचं तोंड इथंच होतं. गाळ भरत गेला, खाडी सरकत सरकत पार पलीकडच्या खडकांपाशी गेली. आता इथं गवत. दामाजी हे जन्मापासून बघत आला होता. बघत कसला, डोळे होते एवढंच.

"सोड," बाबा म्हणाले.

दामाजीनं नारळ कपाळाला लावला, हात वर केला, खाली बघितलं...

हात तसाच राहिला. शेळीनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं.

"बाबा, इथं पाणी कुठाय?"

"तुझ्या पणज्याच्या वेळी होतं."

"मग दर्याला पोचणार कसा हा?"

बाबा कठड्याला टेकले. लांब रेतीवर होड्या दिसत होत्या. बायका त्यांच्या सावलीला नुसत्याच बसल्या होत्या.

"येईल पाणी," ते म्हणाले. "तोवर त्या होड्या बसल्यात, तसा तूही बस इथं. नारळ खाली ठेवू नकोस."