दाराएवढा नाकतोडा

किड्यांना माणसांचं बोलणं कळायचं, त्या काळी टेंबे नावाच्या गृहस्थांच्या बागेत एक नाकतोडा राहायचा. टेंबे गवतात आडवे पडून किड्यांचे फोटो काढायचे. पण कॅमेऱ्याचं भिंग जवळ आलं की नाकतोडा टुणकन उडायचा आणि फोटो बिघडायचा.

"अरे, एवढासा तू, तुला दाराएवढा करतो. नुसता हलू नकोस," टेंबे वैतागून म्हणाले.

नाकतोड्याला ते फार आवडलं, पण पाय त्याचं ऐकेनात. शेवटी टेंब्यांनी त्याला डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवलं. गारठून लाकूड झाल्यावर जास्वंदीच्या पाकळीवर बसवलं, पाणी फवारून दव केलं आणि निवांत फोटो काढला. मग पाकळी झटकून टाकली.

दिवाणखान्यात दाराएवढा फोटो लागला. पाहुणे म्हणाले, "काय जिवंत वाटतोय हो!"

खिडकीत जाळं विणून बसलेल्या कोळिणीने सगळं पाहिलं होतं. ती तरातरा बागेतल्या किड्यांकडे आली.

"त्या माणसापासून लांब राहा रे. नाकतोडा गारठून मेला. मीही तुम्हाला खाते, पण भूक लागली म्हणून."

एका तुडतुड्याने हळूच विचारलं, "पण मावशी, दाराएवढा झाला का तो?"

कोळिणीला खोटं बोलता आलं नाही. "झाला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी टेंब्यांना कुणाला पकडावंच लागलं नाही. त्यांनी डबा उघडला, तेव्हा गवतात रांग लागली होती आणि आधी कोण यावरून भांडण चाललं होतं.