डोईफोडे सर मार्क द्यायला निघाले

एका तालुक्याच्या गावात एक भोळे प्राध्यापक राहत होते. प्राध्यापक आणि भोळे? हो, दोन्ही होते. नाव निवृत्ती डोईफोडे. शेतकी कॉलेजात शिकवायचे.

वर्गात त्यांचं झकास चालायचं. पुस्तकातलं फळ्यावर लिहायचं, फळ्यावरचं पोरांनी वहीत उतरवायचं. यात चुकणार काय? पण नोकरी अजून कच्ची होती. दर जूनला नेमणूक, दर एप्रिलला नारळ. घरी प्रमिलाबाईंनी तेलाच्या डब्यात कढीपत्ता लावला होता. "तुम्ही कायम झालात की जमिनीत लावीन," त्या म्हणायच्या. डब्यात तो बिचारा खुरटून गेला होता. त्या मात्र रोज पाणी घालायच्या.

यंदा प्राचार्य वाघचौरे यांनी सरांना बोलावलं. म्हणाले, "डोईफोडे, शेवटच्या वर्षाची मुलं टाकळवाडीत राहायला गेलीत. शेतकऱ्यांबरोबर काम करून शिकायचंय त्यांना. काय शिकली ते तिथं जाऊन तपासा आणि मार्क द्या. हे नीट पार पाडलंत, तर विद्यापीठाची समिती येईल तेव्हा तुमच्या कायम नेमणुकीवर अध्यक्षांची सही घेतो. परीक्षा घेता येते ना?"

"येते की सर."

सर टाकळवाडीला गेले. पोरं शेतात भुईमूग काढत होती. सरांनी सगळ्यांना हातातली कामं टाकायला लावली. बांधावर ओळीत बसवलं. कोरे कागद वाटले आणि प्रश्न घातला, 'भुईमूग कसा काढतात? सविस्तर लिहा.'

पोरं लिहीत बसली. तेवढ्यात मेंढरांचा कळप शेतात शिरला. शेतकरी बोंबलत धावला. सर त्याला आडवे गेले. "श्श! परीक्षा चालू आहे. बाहेरच्यांनी आत यायचं नाही."

मेंढरांनाही त्यांनी हेच सांगितलं. मेंढरांनी ऐकलं नाही. पेपर संपला तेव्हा भुईमूगही संपला होता.

प्राचार्यांनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, शेतात पेपर कसला घेता! तिथं काही विचारायचं नाही, काही सांगायचं नाही. लांब उभं राहायचं, बघायचं आणि टिपून घ्यायचं. पुढच्या खेपेला लक्षात ठेवा."

"ठेवतो सर."

पुढच्या खेपेला सर गेले, तर मच्छिंद्र नावाचा पोरगा गोठा झाडत होता. सर लांब उभे राहिले. तेवढ्यात वळूनं दावं तोडलं. मच्छिंद्र पुढे, वळू मागे. अख्ख्या वस्तीला वळसा घालून मच्छिंद्र शेवटी बाभळीवर चढला.

"सर! ओ सर! वाचवा!"

सरांना फार वाईट वाटलं. अगदी डोळ्यांत पाणी आलं. पण काही सांगायचं नाही म्हणजे नाही. त्यांनी डोळे पुसले आणि टिपून घेतलं, 'धावणे: उत्तम. झाडावर चढणे: अतिउत्तम. काटे चुकवणे: सुधारणेस वाव.'

"अहो डोईफोडे," प्राचार्य ओरडले, "पोरगा संकटात असताना टिपणं कसली काढता? चारी बाजूंनी अडकलेला पोरगा दिसला की धावत जायचं, हात धरायचा आणि त्याला बाहेर काढायचं! लक्षात ठेवा."

"ठेवतो सर."

पुढच्या खेपेला किसन नावाचा पोरगा मारुतीच्या पारावर उभा राहून बियाण्याला औषध कसं चोळायचं ते दाखवत होता. भोवती सगळं गाव जमलेलं. पुढे माणसं, मागे माणसं, दोन्ही अंगांना माणसं. सरांनी बघितलं. पोरगा चारी बाजूंनी अडकला होता.

"किसन, घाबरू नकोस! मी आलो!"

सर गर्दीत घुसले, किसनचा हात धरला आणि त्याला पारावरून खाली खेचून थेट ओढ्यापर्यंत पळवत नेलं. किसन म्हणाला, "सर, माझं निम्मं सांगायचं राहिलं." सर म्हणाले, "जीव वाचला ना? मग झालं." गावकऱ्यांना वाटलं, हाही प्रयोगाचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

प्राचार्य आता हळू आवाजात बोलायला लागले होते. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. "पोराच्या कामात आपण हात घालायचा नाही, डोईफोडे. काम होऊ द्यायचं. मग ते ज्याच्यासाठी केलं, त्याला जाऊन विचारायचं, बाबा रे, समाधान झालं का? त्यावर मार्क द्यायचे."

"लक्षात ठेवतो सर."

पुढच्या खेपेला सुलभा नावाची मुलगी गावातल्या गौराबाई आजींच्या म्हशीच्या अंगावरच्या गोचिड्या काढत होती. सकाळपासून खपून तिनं म्हैस लख्ख केली. सरांनी विचार केला, काम कुणासाठी केलं? गौराबाईंच्या अंगावर तर गोचिड्या नव्हत्या.

सर म्हशीसमोर गेले. हात जोडले. "बाई, समाधान झालं का?"

म्हशीच्या कानावर माशी बसली होती. म्हशीनं जोरात मान हलवली.

"अजिबातच नाही?"

म्हशीनं पुन्हा मान हलवली. सरांनी जड मनानं सुलभाला शून्य दिलं. सुलभा रडायला लागली. गौराबाई कंबरेवर हात ठेवून पुढं आल्या. "आवं मास्तर, म्हशीला काय इचारता? मला इचारा की! पोरीनं माझी म्हस कशी आरशावानी केली!"

"तुम्ही मध्ये बोलू नका, आजी," सर म्हणाले. "त्यांना स्वतःचं मत आहे."

प्राचार्यांनी सुलभाचे मार्क दुरुस्त केले. मग म्हणाले, "डोईफोडे, परवा समिती येतेय. आता कुणाला काही विचारूच नका. कोण काय बोलतं, कोण कोणाची स्तुती करतं, तिकडे लक्ष देऊ नका. पोरांनी शेकड्यानं रोपं लावलीत. त्यातलं एखादं उपटायचं, मुळ्या बघायच्या, त्यावरून मार्क द्यायचे. एवढं जमेल?"

"जमेल सर. लक्षात ठेवतो."

आणि जमलं हो! सरांनी शेकडा रोपांमागे एक उपटलं, मुळ्या पाहिल्या, मार्क दिले. प्राचार्यांना हायसं वाटलं.

समिती टाकळवाडीत आली. अध्यक्ष सफारी घालून आले होते. त्यांच्या हस्ते शाळेपुढं आंब्याचं कलम लावायचं होतं. त्यांनी रोप खड्ड्यात ठेवलं, बोटांनी माती लोटली, फोटो निघाला, टाळ्या पडल्या. मग पोरांचं काम बघून ते भलतेच खूश झाले. "वाघचौरे, मुलं बाहेर येऊन खरंच शिकलीत. त्या डोईफोड्यांचा कागद आणा. इथंच सही करतो."

कागद जीपच्या बॉनेटवर आला. अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं. सरांना घरचा डबा आठवला. कढीपत्ता जमिनीत लागणार! आणि तेवढ्यात त्यांच्या ध्यानात आलं, की एक काम तपासायचं राहिलंय.

ते शाळेपुढं गेले आणि अध्यक्षांचं रोप उपटलं. मुळांवर काळी प्लॅस्टिकची पिशवी तशीच.

"पिशवीसकट लावलंय," सर सगळ्यांना दाखवत म्हणाले.

अध्यक्षांचं पेन हवेत थांबलं. प्राचार्य कानाशी येऊन पुटपुटले, "अहो, ते अध्यक्ष आहेत! परत लावा ते रोप!"

"छे सर! दुसऱ्याच्या कामात आपण हात घालायचा नाही." सरांनी रोप अध्यक्षांच्या हातात दिलं. त्यांचा पडलेला चेहरा बघून सरांना कणव आली. वर्गातल्या कच्च्या पोराला समजवावं तसं ते म्हणाले, "नाराज होऊ नका. अभ्यास करा. मी आता कायम इथंच आहे."

निकाल द्यायला जवळ कागद नव्हता. बॉनेटवर होता. सरांनी तो उलटा केला, अध्यक्षांच्या हातातलं पेन घेतलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'नापास. पुढच्या वर्षी पुन्हा बसावे.' खाली ठसठशीत सही केली आणि कागद अध्यक्षांच्या खिशात नीट घडी करून ठेवला. जीप गेली. कागदही गेला.

घरी प्रमिलाबाई अंगणात खड्डा खणून, कढीपत्त्याचा डबा शेजारी ठेवून वाट बघत होत्या.

"काय हो, झाली का सही?"

"झाली की," सर म्हणाले. "मीच केली."