टाकीचं झाकण

जयसिंगरावांची जुनी जीप दसऱ्यापासून दर चढाला बंद पडे. तीन मिस्त्री हरले आणि खापर भिवा ड्रायव्हरवर फुटलं. रावांपुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. "उद्यापासून येऊ नकोस," ते म्हणाले. वीस वर्षांची नोकरी गेली.

जीपवर शेवटचं फडकं मारताना भिवा थबकला. दसऱ्याच्या पूजेत रावांनी स्वतः लावलेल्या हळदकुंकवाने पेट्रोलटाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं होतं. आत हवा जाईना, म्हणून पेट्रोल पुढे सरकेना. त्याने काडीने भोक मोकळं केलं, जीप घाट चढवून आणली आणि किल्ली रावांपुढे ठेवली.

"काय झालं होतं?"

"सरकार, तिला श्वास घ्यायला जागा नव्हती. मी माणूस, वीस वर्षं तसाच चाललो. ते यंत्र, त्याला जमलं नाही."