फणीचा नवा दात

फण्या लाकडाच्या असत आणि उवा तोंड वर करून बोलत, त्या काळची ही गोष्ट. ठकूबाईच्या फणीचा मधला दात पडला आणि तिच्या डोक्यातल्या उवांना आयताच हमरस्ता मिळाला. फणी केसांत शिरली, की उवा पोराबाळांसकट त्या फटीतून पलीकडे जात. खाजवून खाजवून ठकूबाई रडकुंडीला आली. "उद्या हिला चुलीतच घालते!" ती म्हणाली.

घाबरलेली फणी लाकडाला भोकं पाडणाऱ्या, कोपऱ्यातल्या गिरमिटदादांकडे गेली. दादा म्हणाले, "पाठीत भोक पाडून नवा दात थेट मुळापासून बसवतो. डिंक वाळेपर्यंत तेवढी गप पडून राहा."

ही बातमी ऐकून थोरली ऊ धावत आली. "अगबाई, भोक? कळ मस्तकात जाते म्हणे! आणि या वयात नवा दात कशाला? त्या फटीमुळे तर तू किती गोड दिसतेस!"

फणी लाजली. दादांना म्हणाली, "राहू दे दात. मी अशीच गोड दिसते."

"असं कोण म्हणालं?"

"थोरली ऊ."

दादा इतके हसले, इतके हसले, की हसता हसता फणीच्या पाठीवरच गरगर फिरले आणि त्या फिरण्यातच भोक पडलंसुद्धा! फणीला कळलंही नाही.

डिंक वाळल्यावर फणी पुन्हा केसांत शिरली. थोरली ऊ नेहमीच्या वाटेने सुसाट निघाली आणि तिचं कपाळ धाडकन आपटलं.

"काय गं मेले," ती किंचाळली, "माझ्यावर दात आहे का तुझा?"

फणी म्हणाली, "कालपर्यंत नव्हता."