सिंहांसमोरचं घर

या, इकडे सावलीला या. फोटो नंतर काढा, आधी नुसतं बघून घ्या. ही आमची अडत्यांची वसाहत. हळदीच्या अडतीत ज्यांचे हात पिवळे झाले त्यांनी गावाच्या वरच्या अंगाला बंगले बांधले, त्यांची ही आळी. बंगले आता शोधावे लागतात. ही समोरची सात मजली इमारत बघा, सगळी काचेची. आणि तिच्या तोंडाशी हे पुरुषभर उंचीचे दोन दगडी खांब. मध्ये फाटक नाही, बाजूला कुंपण नाही. मोटारी पलीकडच्या वाटेनं आत जातात. खांब आपले उभे आहेत. आळीत खांब नाहीत अशी एकही इमारत दिसायची नाही, आणि प्रत्येक खांबात तळाशी एक तांबडा जांभ्याचा दगड आहे. इथं जांभा मिळत नाही बरं का. नवे राहायला आलेले मला विचारतात, तात्या, हा वास्तुदोषावरचा उपाय आहे का? मी म्हणतो, दोष होता खरा, पण तो वास्तूचा नव्हता.

आता हा मधला मोकळा प्लॉट. इथं मगदुमांचा बंगला होता. मगदूम अण्णांनी हौसेनं कोकणातून जांभा आणवून बांधलेला, खिडक्यांना हिरवा रंग, वर कौलं. अण्णांना दोन मुलं. थोरली पद्मा, धाकटा बाळगोंडा. पद्मा लग्नानंतर वर्षभरातच विधवा होऊन माहेरी परतली. बाळगोंडानं अडतीवर बसावं ही वडिलांची इच्छा, आणि हा गडी एक दिवस फौजेत नाव घालून आला. जैनाच्या घरात केवढा अनर्थ! संध्याकाळी दिवा लावायच्या आत जेवणारी, पाणी गाळून पिणारी माणसं, आणि घरातलं पोर बंदूक धरणार. अण्णा म्हणाले, "गेलास तर या फाटकातून परत यायचं न्हाई." पोरगं बापाच्याच वळणाचं. गेलं.

पुढं अण्णा वारले, आई वारली. पद्माची पद्माक्का झाली. फौजेतून आलेल्या एका शिपायानं निरोप आणला, असं सांगतात, की बाळगोंडा जिवंत आहे, दूर पूर्वेकडे असतो, म्हातारपणी घरी येईन म्हणतो. झालं. अक्कांनी त्या दिवसापासून घराला बोट लावू दिलं नाही. आळीत एकेकानं कौलं काढून स्लॅब टाकली, ओसऱ्या बंद करून खोल्या काढल्या, गाडीखान्यांची गॅरेजं झाली. अक्कांच्या घराला मात्र दर दिवाळीला तोच चुना, खिडक्यांना तोच हिरवा रंग. फुटलेलं कौल बदलायचं तरी जुन्या बाजारातून तसंच जुनं शोधून आणायच्या. लोक चेष्टा करत, अक्का म्हाताऱ्या झाल्या, घर काही होत नाही. अक्का म्हणत, "तो येईल तेव्हा त्याला घर ओळखू आलं पाहिजे की रे." त्या एवढ्या मोठ्या घरात त्या एकट्या, आणि जेवताना ताटाशेजारी एक पाट जास्तीचा मांडलेला. लहानपणी मी तो पाट पाहिला आहे. बाकीचं ‘म्हणे’वर सोडा, पण पाट खरा.

समोर शेट्यांचा बंगला होता. त्याच्या फाटकाच्या खांबांवर सिमेंटचे दोन सिंह बसवलेले, जीभ बाहेर काढलेले. नेमगोंडा शेट्यांनी एका हिवाळ्यात तो बंगला पाडायला काढला. सिंह आधी गेले. खांब, भिंत, बघता बघता सगळं सपाट झालं, आणि नव्या घराचा पाया खणायला घेतला.

त्याच दिवसांत एका दुपारी स्टेशनवरून टांगा आला म्हणे. आत एक म्हातारा, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. टांगा आळीच्या टोकापर्यंत गेला, परत आला. अक्का घरात सामायिकाला, म्हणजे जैनांच्या ध्यानाला, बसल्या होत्या. सामायिकाला बसलेलं माणूस मध्येच उठत नाही, बोलत नाही. टांगा आपल्याच फाटकाशी थांबला हे त्यांनी ऐकलं. घोड्यानं पाय आपटले तेही ऐकलं. वाटलं, शेट्यांच्या बांधकामावर कुणी आलं असेल. उठून बाहेर आल्या तेव्हा रस्ता रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी तो टांगेवाला, मलिक त्याचं नाव, चौकशी करत आला. "अक्का, हितं सिंहांचं घर कुठं व्हतं वो? काल एक म्हातारं आलतं. सिंहांसमोरचं घर, सिंहांसमोरचं घर, एवढंच म्हनत व्हतं. तुमच्या दारात मी थांबलोबी. त्यो म्हनला, असंच व्हतं आमचं, पर समोर सिंह न्हाईत, हे न्हवं."

"कुणाला विचारलं नाही त्यानं?"

"गवंड्यास्नी शेट्यांचं घर इचारलं. ते बाहेरगावचे, त्यास्नी काय म्हाईत? मी म्हनलं, बाबा, नाव सांगा, कुनाच्याबी दारात इचारतो. तर म्हनला, सोताच्या घराचा पत्ता लोकांस्नी काय इचारायचा! चल माघारी."

अक्कांनी एवढंच विचारलं, डाव्या कानाची पाळी फाटलेली होती का. मलिक म्हणाला, व्हय. लहानपणी गाईनं शिंग मारलं होतं ते. अक्का अनवाणी स्टेशनात गेल्या. गाडी आदल्या संध्याकाळीच निघून गेली होती. पुढं जिथं जिथं माणूस धाडता आलं तिथं धाडलं, पण बाळगोंडाचा माग कुठं लागला नाही. मला विचाराल तर तो आलाच नसता तर बरं झालं असतं. वाट बघत माणूस जगतं. दारापर्यंत येऊन माघारी गेला, हे घेऊन कसं जगायचं?

मग अक्का दारोदार फिरल्या. "घरं पाडा, माड्या चढवा, मी आडवी येत न्हाई. फाटकाचे खांब तेवढे ठेवा." शेटे म्हणाले, "अक्का, तुमचं घर तुम्ही राखलंत. आमचं राखायला का सांगता?"

अक्का म्हणाल्या, "माझं राखून काय झालं, नेमू? त्याला माझं घर ठाऊकच नव्हतं. तुझं ठाऊक होतं."

शेटे कबूल झाले, पण आळी काही लगेच बधली नाही. खांब पाडून बसलेले म्हणाले, आता दगड कुठून आणायचे? कुणी म्हणालं, म्हातारीला स्वतःचं घर सोडवत नाही आणि आमच्या जागा अडवते. त्यावर अक्कांनी काय केलं? गवंडी बोलावले आणि इतकी वर्षं जपलेलं ते घर उतरवायला लावलं. जांभ्याचे दगड बैलगाड्यांतून आळीभर दारोदार पोचते केले. ज्यांचे खांब पडले होते त्यांचे त्या दगडांवर पुन्हा उभे राहिले. ज्यांचे शाबूत होते त्यांनीही लाजून तळाशी एकेक दगड बसवून घेतला. शेट्यांनी नवे सिंह घडवले, पण जीभ काही जुन्यासारखी साधली नाही. अक्का पुढं आवारातल्या गाडीखान्यात बाज टाकून राहिल्या. तिथंच गेल्या. जागा बस्तीला, म्हणजे जैन मंदिराला, देऊन गेल्या, कधी बांधायची नाही या अटीवर.

तेव्हापासूनची रीत आजही चालते. घर पाडायला काढलं की मालक आधी समोरच्याच्या दारात जातो. विचारतो, "आमचं घर पाडतोय. तुमचा पत्ता मोडत नाही ना?" समोरचा म्हणतो, "खांब ठेवा." मगच पहिली पहार पडते. गेल्या साली शेट्यांच्या नातवंडांनी त्यांचं घर पाडलं. इंग्लिश मीडियममध्ये शिकलेली पोरं, मला वाटलं, यांना कशाची रीत. पण आली, या मोकळ्या प्लॉटसमोर उभी राहिली आणि विचारलं. आत गवताशिवाय काही नाही. "खांब ठेवा" म्हणायला माझी जीभ शिवशिवत होती, पण ते माझ्या तोंडी शोभलं नसतं. पोरं तशीच उभी राहिली. कुणी उत्तर द्यायला बाहेर येईल, एवढा वेळ थांबली, आणि मग कामाला लागली.