निळव्यावरची शीग

"पायलीची निळवी चौसष्टच ना, महाराज?"

केशवगीर मठाच्या दारातूनच विचारत होता. हातात रिकामी पायली, कपाळाला घाम.

भवानगीर महाराज धुनीपाशी भिंतीला टेकून बसले होते. "चौसष्टच."

"शेर म्हणजे पायलीचा पाव. निळवं म्हणजे शेराचा सोळावा भाग. चार सोळे चौसष्ट. आणि बाहेर माणसं चौसष्ट... मोजून बसवली होती मी. म्हटलं, रिकामं कुणी जाणार नाही."

"मग?"

"अकरा माणसं उरली."

दुष्काळ लांबला होता. मठातली ज्वारीची ती शेवटची पायली, हे या दोघांनाच ठाऊक. स्वतःसाठी दोघांनी त्यातला दाणाही ठेवला नव्हता.

"कुणीतरी दोनदा पदर पसरला असणार," केशवगीर म्हणाला. "भुकेली माणसं लबाड होतात. नाहीतर आपलं मापच खोटं."

महाराजांनी धुनीच्या राखेची टोपली पुढं ओढली. निळव्याचं इवलंसं माप त्याच्या हातात दिलं.

"घाल. बाहेर घातलंस तसंच."

केशवगीर गुडघ्यावर बसला. धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. त्यानं माप भरलं.

"लाभ..."



मापावर राखेची शीग चढली होती.

महाराजांनी तिच्यावरून हलकेच बोट फिरवलं. माप सपाट झालं. वरची राख जमिनीवर सांडली.

केशवगीर त्या सांडलेल्या राखेकडं बघत राहिला.

"पहिलीच बाई होती... कडेवर पोर. शीग पाडायला हात नेला, तर ती त्या हाताकडं बघत होती."

"हं."

"मग कुणाचीच पाडवेना."

महाराज सांडलेली राख टोपलीत भरू लागले.

"म्हणजे पाडायला हवी होती?"

"त्या बाईच्या देखत?"

"मग नको होती?"

"या अकरांच्या देखत?"

बाहेर कुणीतरी खोकलं. ती माणसं अजून उठली नव्हती.

"शब्द दिलाय मी त्यांना," केशवगीर म्हणाला. "आता कोणत्या तोंडानं जाऊ? अकरा जण आहेत, महाराज..."

म्हातारे भिंत धरून उठले. शिष्याच्या खांद्याचा आधार घेत सावकाश दाराकडं वळले.

"तेरा म्हण, बाळा."