चुन्याच्या घाणीचं चाक खांबमाळावर कसं आलं

ठकूचं कुणी खरं मानलं नाही. नवऱ्यानं नाही, सासूनं नाही, नऊ महिने पोटात वागवलेल्या पोरानंही नाही. ती सांगून सांगून थकली, गाव मात्र हसून थकलं नाही. हे आधी ऐकून घ्या, मग त्या चाकाचे फोटो काढा.

समोर दिसतो तो खांबमाळ. दोन दगडी खांब, मधून भरली बैलगाडी जाईल एवढं अंतर, वर आडवी तुळई. आणि उजव्या खांबाला टेकून उभं केलेलं ते दगडी चाक, मधोमध भोक पाडलेलं. माळाच्या त्या टोकालाही हुबेहूब अशीच मांडणी आहे, फक्त तिथलं चाक मागाहून घडवलेलं. मूळचं चाक हे. शहरातले फुटबॉलवाले येतात, टेप लावून मोजतात आणि म्हणतात की असा गोल आम्ही कुठं पाहिला नाही. पाहिला नसेल. असा गोल उभा करायला काय किंमत पडली, तेही त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी इथं वरची वाडी आणि खालची वाडी चेंडू खेळतात. चेंडू चिंध्यांचा, वरून काथ्यानं आवळलेला, नारळाएवढा. हातानं न्या, पायानं न्या, कसाही न्या. समोरच्यांच्या खांबांमधून खालून काढला तरी गुण, तुळईवरून पलीकडं टाकला तरी गुण, चाकाच्या भोकातून घातला तरी गुण. तिन्हींची किंमत सारखी. जी वाडी जिंकेल तिचा विळा देवीच्या कुरणाला आधी लागतो. हरलेल्यांनी मागं उरलेलं कापायचं. या खडकाळ मुलखात उन्हाळ्याला जनावर जगतं ते त्या गवतावर, तेव्हा हा खेळ म्हणजे काही पोरखेळ नव्हे.

पूर्वी तीन वाटा नव्हत्या, असं सांगतात. एकच होती. चेंडू छातीशी धरायचा आणि दोन खांबांमधून अंगासकट पलीकडं निघायचं. दोन्ही टोकांना नुसती खांबांची जोडी, तुळई नाही, चाक नाही. खांब म्हणजे कुरणजाईचे, या कुरणाच्या देवीचे, राखणदार. म्हणून जी वाडी जिंके, ती मानानं आपल्या टोकाच्या खांबांना गुरवाकडून तेलात कालवलेला शेंदूर लावून घ्यायची. ठकूच्या वेळेला वरची वाडी कित्येक वर्षं जिंकतच आली होती. त्यामुळे त्यांचे खांब लालबुंद, गुबगुबीत, आणि खालच्या वाडीचे उघडे, काळे.

ठकू खालच्या वाडीची. तिचा नवरा चुना भाजायचा. दोन्ही वाड्यांत मिळून भट्टी ती एकच, म्हणून सगळे त्याला चुनेवालाच म्हणत. दारात घाणी होती. गोल चरातून बैल दगडी चाक फिरवायचा आणि चुना मळून निघायचा. चुन्याला धर यावा म्हणून ठकू त्यात अंबाडीचे धागे बारीक कातरून टाकायची. दर दसऱ्याला एक मोठी घाणी देवळाच्या ओट्यासाठी म्हणून निघायची. ओटा काही वाढलेला दिसत नसे. तिनं एकदा विचारलं, तर सासू म्हणाली की देवाच्या कामाची मोजमापं बायकांनी घेऊ नयेत.

कुरण वरच्या खांबांच्या मागच्या अंगाला. गवत घेऊन उतरणाऱ्या बायका त्या खांबांमधूनच यायच्या, देवीचा मान म्हणून. ठकू नवी नवरी होती तेव्हा डोक्यावर आडवा भारा घेऊन ती मधून सरळ निघायची, काडी लागत नसे. सिदू पोटात होता त्या वर्षी भाऱ्याच्या दोन्ही टोकांना शेंदूर लागला. सिदूला मिसरूड फुटलं तोवर तिला भारा तिरपा करून, अंग चोरून यावं लागायला लागलं.

तिनं घरी सांगितलं, "खांब जवळ यायला लागल्यात."

सासू म्हणाली, हाव वाढली तसा भारा वाढला. नवरा तर पोट धरून हसला.

"दगडाला काय पाय फुटलेत व्हय? उद्या म्हणशील, भट्टी उठून बाजाराला गेली."

तिनं त्याला भाऱ्याची लाल टोकं दाखवली. तो म्हणाला, देवीनं तुझ्या गवताला कुंकू लावलंय, पाया पड. वाडीत ही गोष्ट पसरली आणि पोरं तिला बघून रस्त्यातले धोंडे उचलून बाजूला ठेवायला लागली, चालत येऊन ठकूमावशीला धडकतील म्हणून. तिनं गुरवाला गाठलं. गुरव म्हणाला, जागृत ठिकाण आहे, पाप वाढलं की देवी दार मिटून घेते. म्हणजे खालच्या वाडीला गवत मिळत नाही तेही खालच्या वाडीचंच पाप. याच्यापुढं बोलणार काय?

त्यात तिला एक गोष्ट खुपायची. उन्हाळ्यात खालच्या वाडीतली जनावरं हाडाला चामडं लावून उभी असत, काही बसत ती उठतच नसत. ठकूच्या म्हशीचं पोट मात्र खपाटीला गेलं नाही. नवरा सांगायचा, घाटाखाली चुना देऊन गवत आणतो. तिनं विश्वास ठेवला. घरात दूध होतं, आणि दुधाला फाटे फोडायला कुणाला आवडतं?

मग असं एक साल आलं की पाऊस अर्ध्यातच पाठ फिरवून गेला. कुरणात गवत गुडघ्याएवढंही नव्हतं. मागं उरलेलं कापायचं तर त्या वर्षी उरणारच काही नव्हतं. खालच्या वाडीनं ठरवलं, मेलो तरी चालेल पण चेंडू पलीकडं काढायचा. त्यांच्यात अंगानं सगळ्यात दणकट सिदू. चेंडू त्याच्याकडे द्यायचा आणि मागून सगळ्यांनी रेटायचं, असा बेत झाला.

ठकूनं त्याची वाट अडवली. "त्या खांबांच्या तोंडातनं तू मावणार न्हाईस, सिदू. मी भारा घिऊन येतीया, मला म्हायती हाय."

"आये, तुझा भारा न्हवं मी," तो हसत म्हणाला. "तुझ्या म्हशीगत समद्यांची जनावरं जगू देत की एक वरीस."

बापानं मात्र त्या सकाळी तोंडातून शब्द काढला नाही, असं सांगतात. त्याला बोलता आलं असतं. सगळं गाव हसलं तरी चाललं असतं, त्यानं एकट्यानं बोलायला हवं होतं.

खेळ सुरू झाला. दुपार कलेपर्यंत चेंडू कुणाच्याच हाती टिकला नाही. मग तो सिदूच्या छातीशी आला आणि सिदू वरच्या खांबांकडे सुटला. तोंडाशी वरच्या वाडीचे गडी भिंतीसारखे उभे. सिदू आडवा होऊन आत शिरला, खांद्यापर्यंत गेला, छातीपर्यंत गेला आणि अडकला. मागून खालची वाडी रेटते, पुढून वरची वाडी रेटते. दोन्हीकडं आरोळ्या, हलग्या, शिट्ट्या. त्यानं काहीतरी ओरडून सांगितलं, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही. ठकूला ऐकू गेलं. ती गर्दीत शिरून एकेकाच्या पाठीवर बुक्के मारत होती, सोडा, सोडा म्हणत होती, आणि ज्यांना बुक्के बसत होते त्यांना वाटलं ठकूमावशीलाही चेव आला.

मग कडाडून आवाज झाला. खांबांवरचं कवच फुटलं आणि सिदू चेंडूसकट पलीकडं पडला.

खालची वाडी जिंकली. किती वर्षांनी जिंकली म्हणून माणसं नाचायला लागली, एकमेकांना खांद्यावर घ्यायला लागली. हलगी तर थांबेचना. आणि त्या नाचात एकटी ठकू जमिनीवर बसून पोराचं तोंड चाचपत होती. सिदूच्या छातीचा भाता मिटला होता. एकेकाची नजर तिकडं गेली तसतसे एकेकाचे पाय थांबले. शेवटी हलगीवाल्याच्या लक्षात आलं. त्यानं हलगी खाली ठेवली.

मग लोकांनी खांबांकडं पाहिलं. कवच खाली पडलं होतं, फणस फुटावा तसं. आतले खरे खांब उघडे झाले होते. बारीक, काळे, खालच्या वाडीच्या खांबांसारखेच, आणि इतके लांब लांब की मधून दोन माणसं हातात हात घालून गेली असती. खांब चालत आले नव्हते. खांबांवर थर चढले होते. तुकड्यांत ते स्पष्ट दिसत होते. लाल थर कागदासारखा, त्याखाली पांढरा थर भाकरीएवढा जाड, पुन्हा लाल, पुन्हा पांढरा.

दोन्ही वाड्यांचे पंच तिथंच बसले. वरची वाडी म्हणाली देवीची करणी, खालची वाडी म्हणाली गुरवाची. गुरव म्हणाला की मी नुसता शेंदूर लावतो, मी येतो तेव्हा खांबांवर पांढरा हात फिरवून सुकलेला असतो, मला वाटायचं शेंदूर धरावा म्हणून मानकरी लावून घेतात. वरच्या वाडीचे मानकरी पायाखालची माती बघत राहिले.

ठकूनं एक तुकडा उचलला. पांढऱ्या थरातून धागे डोकावत होते. बारीक, एकसारखे, तिरपे कातरलेले. अंबाडीचे. तिच्याच विळीवरचे. वर्षानुवर्षं देवळाच्या ओट्यासाठी म्हणून तिनं कातरलेले. आपल्या म्हशीच्या पोटात कुणाचं गवत गेलं आणि आपल्या घरात कशाचं दूध आटलं, ते तिला त्या एका तुकड्यात दिसलं. ती रडली नाही. तिला रडायलाच येईना.

रानोजी नावाचा म्हातारा पंच होता. तिच्या हातातला तुकडा बघून त्याला कळायचं ते कळलं. सगळ्यांनाच कळलं. पण पंचांची रीत अशी होती की तोंडानं नाव घेतल्याशिवाय दोष लागत नसे.

"चुना कुणाचा?" रानोजीनं विचारलं. "नाव घे, पोरी."

आता त्या काळी बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. घेतलं तर त्याचं आयुष्य तुटतं असं मानत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, पुन्हा आयुष्यभर घरचे, धनी, सिदूचा बा. तिचा नवरा समोरच उभा होता. त्याला वाटलं असेल, ही घेणार नाही.

ठकू म्हणाली, "आधी खांब. मग नाव. तवर सिदू हितनं उचलायचा न्हाई."

आणि तिनं सांगितलं तसं त्यांना करावं लागलं. दोन्ही टोकांचे खांब उपटून गाडीच्या मापानं लांब रोवले. वर तुळया चढवल्या. मग ती म्हणाली, घाणीचं चाक आणा. चुनेवाल्यानं ते स्वतः ओढून आणलं. हीच आपली शिक्षा, इथवरच भागलं, असं समजून त्यानं जीव लावून ओढलं. ते या खांबाला उभं केलं.

"एकच तोंड ठिवलं की कुणीतरी त्ये लिंपून घेतंय," ठकू म्हणाली. "ज्याच्यात रेटा असंल त्यानं खालनं न्यावा. फेक असंल त्यानं वरनं टाकावा. आन् ज्याच्यापाशी नुसती नजर हाय, त्याला ह्ये चाक. आता लिंपा किती लिंपताय ते."

मग तिनं नवऱ्याकडं पाहिलं आणि नाव घेतलं. एकदाच, पण माळाच्या त्या टोकाला ऐकू जाईल असं. माणसांनी कानांवर हात ठेवले म्हणे. पोराच्या मरणानं जेवढी हबकली नव्हती तेवढी त्या एका शब्दानं हबकली. तो घाट उतरून गेला तो कुणाला पुन्हा दिसला नाही. चुना लिंपणारा एक होता आणि त्याला गवत देणारी अख्खी वाडी होती, पण देणाऱ्यांची नावं पंचांनी विचारली नाहीत. ते दरवेळी तसंच असतं.

आजही या खांबांना शेंदूर लागत नाही, चुना लागत नाही, फक्त पाण्यानं धुतात. आजही खेळाच्या सकाळी खालच्या वाडीतली सगळ्यात थोरली बाई गवताचा आडवा भारा डोक्यावर घेऊन खांबांमधून चालत येते. एक काडी जरी घासली तरी त्या वर्षी खेळ होत नाही. पलीकडं आली की ती भारा टाकते आणि चाकाकडं तोंड करून उभी राहते. पंच विचारतो, चुना कुणाचा. आणि ती म्हातारी, जिनं घरात कधी स्वतःच्या धन्याचं नाव घेतलेलं नसतं, ती सगळ्या माळाला ऐकू जाईल असं ठकूच्या धन्याचं नाव घेते:

गुणाजी.